वीट धरून ४१२

"फक्त खोक्यात भरून पाठवायचेत रे, अर्ध्या तासाचं काम," असं ताई पुण्याहून फोनवर म्हणाली, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. आईबाबांच्या लग्नाला जूनमध्ये ५० वर्षं होत होती आणि घरातले सगळे जुने फोटो संगणकावर घेऊन द्यायचे, असं तिच्या मनात आलं. पुण्यातल्या एका स्कॅनिंगवाल्याकडे तिने पैसेही भरून टाकले. भेट तिची, हमाली माझी. आमच्याकडे कामाची वाटणी लहानपणापासून अशीच आहे.

त्या लोकांनी व्हॉट्सॲपवर सूचनांचा कागद पाठवला. फोटो अल्बममधून आणि फ्रेममधून काढावेत. आकाराप्रमाणे गठ्ठे करावेत. रबरबँड, टाचण्या, चिकटपट्टी लावू नये. ओल्या फडक्याने पुसू नये. एकमेकांना चिकटलेले फोटो ओढून काढू नयेत. मागे काही लिहायचं तर मऊ पेन्सिलने, कडेला. आणि खोक्यावर एकूण संख्या लिहावी. आईने चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाली, "म्हणजे आपण आजवर जे जे करत आलो, ते काहीच करायचं नाही."

मी माळ्यावरून ट्रंक काढली. आमचं घर सांगलीच्या गावभागातलं. इथे माळा अडगळीसाठी नसतो, कृष्णेसाठी असतो. पावसाळ्यात आमच्याकडे कुणी "जेवलात का" विचारत नाही, "आयर्विनला किती झालं?" विचारतात, म्हणजे आयर्विन पुलापाशी नदीचं पाणी किती फुटांवर आलं. ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका, आणि तिथून पुढे ज्याचं त्याने बघायचं. २०१९च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आम्ही होडीतून बाहेर पडलो. आईच्या मांडीवर ही ट्रंक होती आणि बाबांच्या मांडीवर गॅसची शेगडी. फ्रीज गेला. त्या फ्रीजचा विषय अजून महिन्यातून एकदा निघतो.

ट्रंक वाचली, पण त्याआधी २००५च्या पुरात एक पाकीट खालच्या कप्प्यात राहिलं होतं. माझ्या मुंजीचा रोल, ३६ फोटो. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. तो भिजला की फुगतो आणि वाळताना शेजारी जो असेल त्याला धरून बसतो. तर त्या ३६ फोटोंची आता एक वीट झाली आहे. बाजूने पाहिलं की रंगीत थर दिसतात. तिच्यात कुठेतरी माझी आत्या आणि माझी मावशी गालाला गाल लावून कायमच्या बसल्या आहेत. एरवी दोघींचं १९९१ पासून बोलणं नाही.

प्रश्न असा आला, की ही वीट मोजायची कशी? ३६ धरायची की एक? काका इचलकरंजीहून व्हिडिओ कॉलवर म्हणाले, "बादलीत टाक रात्रभर, सुटतील." स्वच्छ पाण्यात भिजवून असे फोटो कधीकधी सुटतात हे खरं आहे, पण ते करणारा माणूस सरावाचा लागतो. काकांचा सराव मला माहीत होता. त्यांच्याकडे पूर्वी क्लिक थ्री कॅमेरा होता. १२० च्या रोलवर १२ फोटो निघायचे, त्यातल्या आठांमध्ये माणसं मानेपासून खाली. वीट आम्ही एक धरली.

मग गठ्ठे. आकाराने लावायला खरंच अर्धा तास पुरला असता. पण आई प्रत्येक फोटोला "हे कोण?" विचारायची आणि तिथून पुढे दुपार जायची. मिरजेहून आत्या मुद्दाम आली, भडंगाची पिशवी घेऊन. (भडंग खाऊन फोटोला हात लावायचा नाही, हे कागदात नव्हतं. असायला हवं होतं.) तिसऱ्या दिवशी एक गोष्ट ध्यानात आली. लग्नाच्या प्रत्येक ग्रुप फोटोत, मागच्या रांगेत उजवीकडून दुसरे, एक गांधीटोपीवाले गृहस्थ उभे आहेत. १९६१ला आहेत, १९७५ला आईबाबांच्या लग्नात आहेत, १९८४ला धाकट्या काकांच्या लग्नातही आहेत, टोपी तीच.

"हे तुमच्याकडचे ना?" आत्याने आईला विचारलं.

"छे! मी इतकी वर्षं तुमच्याकडचे समजून त्यांना वाकून नमस्कार करत आले."

कुटुंबाच्या ग्रुपवर फोटो टाकला. तेवीस जणांनी पाहिला. चौघांना ते ओळखीचे वाटले, चौघांनी चार नावं सांगितली, आणि त्यातले दोघे १९८४च्या आधीच वारलेले निघाले. शेवटी मी मऊ पेन्सिलने, कडेला, 'टोपीवाले, दोन्ही पक्ष' असं लिहिलं.

फोटोच्या मागे आजोबांनी काही लिहिलं असेल अशी आशा होती. लिहिलं होतंच. आजोबा हिशेबनीस. त्यांच्या बारीक अक्षरात प्रत्येक फोटोमागे नोंद आहे: '३ प्रती. रु. ४-५०. पैकी २ रु. येणे.' पुढे कोण उभं आहे याबद्दल अवाक्षर नाही. ते दोन रुपये कुणाकडून येणे होते, यावर आत्या आणि आई अर्धा तास बोलल्या. रोख मावशीच्या माहेराकडे होता.

मी मध्येच शहाणपणा केला. आत्याने विचारलं, हे काळेपांढरे इतके जुने, तरी असे लख्ख कसे, आणि नंतरचे रंगीत का असे लाल झालेत? आमच्या ऐंशीच्या दशकातल्या सगळ्या फोटोंत माणसं गुलालातून उठून आल्यासारखी दिसतात. बाबांचा निळा सफारी जांभळा झालाय. मी सांगितलं, की त्या काळच्या रंगीत छपाईतला निळसर रंग आधी उडतो, म्हणून मागे लाली उरते. काळ्यापांढऱ्याचं चित्र मात्र चांदीच्या बारीक कणांचं असतं.

"चांदी?" आत्या सरळ होऊन बसली. "मग बाहेर कशाला पाठवतोयस?"

सगळ्यांत हाल केले त्या मॅग्नेटिक अल्बमने. यात मॅग्नेट नसतं. पुठ्ठ्यावर डिंकाच्या रेघा आणि वरून प्लॅस्टिक. त्या डिंकाने चाळीस वर्षांत फोटो असे धरले होते, की ओढला तर बारशातला पाळणा हातात आणि बाळ पुठ्ठ्यावर. दात साफ करायचा दोरा फोटोखालून हळूहळू सरकवत न्यायचा, असा एक उपाय आहे. मी मेडिकलमध्ये गेलो. दुकानदार काळजीने म्हणाला, "दाढ आहे का? कुठल्या बाजूची?" फोटो काढायचेत म्हटल्यावर त्याने "एक्स-रे समोर मिळतो" म्हणून सांगितलं. उपाय मात्र लागू पडला. दोन्ही हातांत दोऱ्याची टोकं धरून, जीभ बाहेर काढून, मी एका दिवसात चाळीस फोटो सोडवले. आईने दारातून पाहिलं आणि म्हणाली, "बोर्डाच्या परीक्षेला एवढा बसला असतास तर..."

भिंतीवरचे पणजोबा काचेलाच चिकटले होते. दर दिवाळीला ओल्या फडक्याने पुसून आणि काचेला गंध लावून आम्हीच ते चिकटवले. ते ओढून काढण्यापेक्षा काचेसकट खिडकीपाशी धरून मोबाइलवर घेतले. फोटोत पणजोबांच्या छातीवर माझा चेहरा दिसतो. पुन्हा घेतला, पुन्हा दिसला. राहू दिला.

या सगळ्यात बाबा कुठेच नव्हते. ते आरामखुर्चीत पेपरातलं शब्दकोडं सोडवत होते. एकदाच मान वर केली, ती महाबळेश्वरच्या फोटोला. १९७५. वेण्णा तलावाकाठी आई घोड्यावर बसली आहे, फोटोवाल्याचा भाड्याचा गॉगल लावून, आणि घोड्याचा लगाम दोन्ही हातांत घट्ट. आईने तो माझ्या हातातून काढूनच घेतला. "हा पाठवायचा नाही. नातवंडं बघतील." मी बाबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "पाच अक्षरी शब्द, अर्थ 'आज्ञा पाळणारा'." आणि पुन्हा पेपरात गेले.

खोकं बेदाण्याचं मिळालं. चांगलं जाड, मजबूत. दोन दिवस उन्हात ठेवून वास घालवला, मुंग्या घालवल्या. गठ्ठे कागदात बांधून जाड पिशव्यांत घातले. आईने इतकी वर्षं चपलांच्या आणि औषधांच्या डब्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या अखेर कामी आल्या. बाबा म्हणाले, पुण्याला तूच घेऊन का जात नाहीस? लगेच आई म्हणाली, "नको. एसटीत वर ठेवेल आणि स्वारगेटला मोकळाच उतरेल. छत्र्या आठवा." तेव्हा स्पीड पोस्ट ठरलं. रात्री तिघांनी वेगवेगळं मोजलं. ४०९, ४१२, ४१५. मधला आकडा घेतला. वीट धरून ४१२.

पोस्टातल्या ताईंनी खोकं काट्यावर ठेवलं. "काय, बेदाणा?"

"नाही, फोटो आहेत."

"मग ते बेदाणा तरी खोडा की." त्यांनीच मार्कर दिला. मी खोडून वर 'फोटो' लिहिलं.

पाच दिवसांनी पुण्याहून एका मुलीचा फोन आला. "सर, खोक्यावर ४१२ लिहिलंय. आमच्याकडे ४१३ भरतायत."

"वीट उघडली की काय?"

"नाही, ती एकच धरलीय. एक फोटो अगदी तळाला होता, पेपरात गुंडाळून. कोडं सोडवलेला पेपर आहे. घोड्यावर एक मॅडम आहेत, गॉगल लावून. तो घ्यायचा ना?"

आई स्वयंपाकघरात होती. समोर आरामखुर्चीतला पेपर जरा वर सरकला.

"घ्या, घ्या," मी म्हटलं. "माझ्याच मोजण्यात चूक झाली."