लातूरचं पाणी आणि मॉरिशसची मेट्रो

२०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. त्याच वर्षी भारतानं मॉरिशसला ३५ कोटी ३० लाख डॉलरचं विशेष आर्थिक पॅकेज दिलं. आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर या दोन गोष्टी अजूनही एका दमात सांगितल्या जातात: ‘आपल्याला रेल्वेनं पाणी, त्यांना फुकटात मेट्रो.’ २०२५च्या सप्टेंबरमध्ये ६८ कोटी डॉलरच्या नव्या पॅकेजची घोषणा झाली तेव्हा हाच संदेश पुन्हा फिरला. मावसभावानं फोनवरच विचारलं, “तुमच्या त्या बेटाला अजून किती द्यायचं रे?”

प्रश्न रास्त आहे. ज्याच्या घरी आठ-दहा दिवसांनी नळ येतो त्यानं सरकारला पैशाचा जाब विचारू नये, असं मी इथून सांगणं बरं दिसणार नाही. मी मॉरिशसमधल्या एबेनच्या सायबर सिटीत नोकरी करतो. तीही भारताच्या पैशातून उभी राहिलेली, म्हणजे माझा पगारही त्याच खात्यात धरायला हरकत नाही. पण जाब विचारायचा तर हिशेब पूर्ण मांडावा लागेल.

२०१६च्याच मे महिन्यात भारत-मॉरिशस करकरारात बदल झाला. १९८३च्या मूळ करारामुळे मॉरिशसमार्गे भारतात गुंतवणूक केली की शेअर विकून झालेल्या नफ्यावर भारतात कर लागत नसे. वर्षानुवर्षं भारतातल्या परकीय गुंतवणुकीच्या यादीत हे चिमुकलं बेट वरच्या नंबरावर असायचं ते यामुळेच. ती सवलत भारतानं काढून घेतली, आणि काही महिन्यांत पॅकेज आलं. इथले बरेच लोक हे दोन्ही व्यवहार एकत्रच वाचतात. मलाही तसंच वाटतं. शिवाय आगालेगा आहे. मुख्य बेटाच्या उत्तरेला अकराशे किलोमीटरवर, जेमतेम तीनशे वस्तीच्या या बेटावर भारतानं तीन किलोमीटरची धावपट्टी आणि जेट्टी बांधली. फेब्रुवारी २०२४मध्ये उद्घाटन झालं. तीनशे माणसांच्या सोयीसाठी एवढी मोठी धावपट्टी कुणी बांधत नाही, हे सांगायला संरक्षणतज्ज्ञ लागत नाही. थोडक्यात, दानधर्म चाललाय असं समजून कुणी छाती फुगवू नये आणि कुणी ऊरही बडवू नये.

आता मेट्रोचं. राजधानी पोर्ट लुईहून क्युरपिपला जाणारी ही गाडी मला आवडते, रोज वापरतो. तिच्यासाठी अनुदान मिळालं, वर भारताच्या ५० कोटी डॉलरच्या कर्जसुविधेतूनही पैसा आला. म्हणजे ‘फुकटात’ हा शब्द ग्रुपवाल्यांनी आता सोडावा. माझी तक्रार वेगळी आहे. देणाऱ्याला फीत कापता येईल असंच काहीतरी द्यायला आवडतं: मेट्रो, सुप्रीम कोर्टाची इमारत, इस्पितळ. बेटाला मात्र बहुतेकदा जमिनीखालचं काहीतरी हवं असतं.

हे लातूरकराला सांगितलं तर पटणार नाही, पण मॉरिशसमध्ये वर्षाला सरासरी दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तरी ऑक्टोबर-नोव्हेंबरात नळाला ठरावीक तासच पाणी असतं. मार ओ व्हाकोआसारखे तलाव आहेत, पण शुद्ध केलेलं निम्म्याहून अधिक पाणी घरी पोचतच नाही, मोठा भाग जुनाट जलवाहिन्यांतून गळून जातो. चोवीस तास पाणी हे इथलंही निवडणुकीतलं ठेवणीतलं आश्वासन. मार्च २०२५मध्ये भारतानं पहिल्यांदाच रुपयांत कर्ज देऊन इथल्या सुमारे शंभर किलोमीटर जलवाहिन्या बदलून द्यायचं ठरवलं, तेव्हा मला मेट्रोपेक्षा जास्त आनंद झाला. बातमी मात्र चार ओळींची. तीच गत गटारांची. मार्च २०१३मध्ये पोर्ट लुईत अचानक आलेल्या पुरात अकरा माणसं गेली. जानेवारी २०२४मध्ये बेलाल वादळात त्याच शहरातल्या रस्त्यांवरून मोटारी वाहत गेल्या. नालेसफाईवरून मुंबईत दर जूनला होणारं भांडण इथं जानेवारीत होतं, एवढाच फरक.

मग स्वतःच्या पैशानं का करत नाहीत? इथं खरी मेख आहे. १ जुलै २०२० रोजी जागतिक बँकेनं मॉरिशसला उच्च उत्पन्न गटात टाकलं, आधीच्या वर्षाचं दरडोई उत्पन्न पाहून. तेव्हा कोविडमुळे हॉटेलं बंद होती, विमानतळ ओस पडला होता. त्याच महिन्याच्या २५ तारखेला वाकाशिओ हे जपानी मालकीचं जहाज पॉइंट देस्नीजवळच्या प्रवाळखडकावर चढलं आणि ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे हजार टन तेल खाडीत पसरलं. माहेबूरच्या लोकांनी उसाचं पाचट कापडात भरून तराफे केले, ते पाण्यावर सोडून तेल अडवलं. भारतानं तटरक्षक दलाचं पथक आणि तीस टन सामान पाठवलं, जपान आणि फ्रान्सही आले. कागदावर देश श्रीमंत, किनाऱ्यावर पाचट. पुढच्याच वर्षी बँकेनं त्याला परत खालच्या गटात आणलं. (अशी तेलगळती आपल्याला अनोळखी नाही. ऑगस्ट २०१०मध्ये एमएससी चित्रा हे जहाज मुंबईजवळ खलिजिया या दुसऱ्या जहाजाला धडकलं होतं. पण मुंबईमागे अख्खा देश होता.)

लहान बेटांना स्वस्त कर्ज आणि अनुदान मिळणार की नाही हे बऱ्याच अंशी याच दरडोई उत्पन्नावर ठरतं. ते मोजमाप बदला, आमचा धोका मोजा, ही मागणी लहान बेटांच्या १९९४च्या बार्बाडोस परिषदेपासूनची. २००५मध्ये त्सुनामीनंतर काही आठवड्यांतच हीच मंडळी पोर्ट लुईत जमली होती. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं बहुआयामी असुरक्षितता निर्देशांक, म्हणजे हा धोका मोजणारं मोजमाप, स्वीकारला तो ऑगस्ट २०२४मध्ये. तीस वर्षं गेली, आणि कर्ज देणाऱ्या संस्थांवर तो बंधनकारक नाहीच.

मराठवाड्यात ही गोष्ट एका मिनिटात कळायला हवी. पैसेवारी, म्हणजे पिकाचा सरकारी अंदाज, पन्नास पैशांच्या खाली गेली की शेतकऱ्याचं गेल्या वर्षीचं उत्पन्न कुणी विचारत नाही. पीककर्जाची वसुली थांबते, पुनर्गठन होतं. ते नीट राबत नाही हे खरं, पण तत्त्व आपल्याला मान्य आहे. बेटं त्याहून जास्त काही मागत नाहीत. बार्बाडोसनं आपल्या कर्जरोख्यांत नैसर्गिक आपत्ती आली की हप्ते पुढे ढकलण्याचं कलम घालून घेतलं आहे. भारतानं लहान बेटांना दिलेल्या कर्जांत ते सरसकट घालावं, असं मला वाटतं. त्याला ना नवा पैसा लागतो, ना फीत.

मॉरिशसचं सगळं बरोबर आणि दोष देणाऱ्यांचा, असंही नाही. किनाऱ्याला खेटून हॉटेलं आणि बंगल्यांना परवानग्या इथल्याच सरकारांनी दिल्या, आणि नंतर वाळू वाहून जाते म्हणून जगापुढे हात पसरले. आधीच्या पॅकेजमधल्या टॅबचा शाळांत नेमका काय उपयोग झाला, हे इथल्या पालकांनी विचारायला हवं. नव्या पॅकेजात मोठं इस्पितळ आहे. परिचारिका मात्र आताच परदेशी नोकरी शोधत असतात.

मावसभावाला मी उत्तर लिहिलं की ‘किती द्यायचं’ हे विचारच, पण त्याबरोबर हेही विचार: त्या शंभर किलोमीटरनंतर गळती किती कमी झाली? तो आकडा दिल्लीनंही मागावा आणि पोर्ट लुईनंही जाहीर करावा. त्याचं लगेच उत्तर आलं, “आधी लातूरच्या गळतीचा आकडा मिळव.” त्यावर माझ्याकडे अजून तरी उत्तर नाही.