बिडाच्या पोटात डोकावू नये

ज्या मराठवाड्यात जिल्ह्यालाही बीड म्हणतात आणि आजीच्या धपाट्याच्या तव्यालाही बिडाचाच म्हणतात, त्या मराठवाड्यात आपण बिडाच्या ओतकामाचा कारखाना काढला, याबद्दल आपले मनःपूर्वक अभिनंदन. वाळूजला असो, चिखलठाण्याला असो की लातूरला. शेड उभी राहिली, इंडक्शन भट्टी बसली आणि तिच्यासोबत बँकेचा हप्ताही सुरू झाला. आता आपल्याला खरा धोका एकच उरला आहे. नुकतीच पदविका घेतलेला एखादा मुलगा ओतीव मालाचा तुकडा कापील, पॉलिश पेपरवर घासून आरशासारखा करील, त्यावर नायटलचा (अल्कोहोलात मिसळलेल्या नायट्रिक आम्लाचा) बोळा फिरवील आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसेल. शेफील्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनी हा उद्योग १८६० च्या दशकात सुरू करून ठेवला, तेव्हापासून जगभरच्या कारखानदारांच्या सुखी संसारात विनाकारण बिब्बा पडतो आहे. तो टाळण्यासाठी पुढील सूचना आहेत. तीस वर्षांच्या नोकरीत त्या सर्व मी निष्ठेने पाळल्या जाताना पाहिल्या आहेत.

आपली श्रद्धा रासायनिक अहवालावर असावी. कार्बन ३.४ टक्के, सिलिकॉन २.१ टक्के, आकडे मर्यादेत बसले की माल पास समजावा. हा अहवाल ज्या चकतीवरून निघतो, ती तांब्याच्या साच्यात मुद्दाम झटपट गोठवून पांढरी केलेली असते, कारण ग्रेफाइट मोकळे सुटले की स्पेक्ट्रोला, म्हणजे धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्राला, कार्बन नीट मोजता येत नाही. म्हणजे फाइलला ज्या धातूचा दाखला लागतो, त्याची अंतर्गत घडण आपण विकलेल्या ग्रे आयर्नच्या (ग्रेफाइटच्या पाकळ्या असलेल्या करड्या बिडाच्या) एकाही नगात नसावी, अशीच अपेक्षा असते. ही बाब ऑडिटला आलेल्या पाहुण्यासमोर काढू नये.

वस्तुस्थिती अशी की, एकाच लॅडलमधला (ओतायच्या पात्रातला) एकच धातू ४ मिलिमीटरच्या पातळ रिबमध्ये आणि ४० मिलिमीटरच्या जाड हबमध्ये दोन वेगवेगळे धातू होऊन गोठू शकतो. हबमध्ये तो सावकाश निवतो, कार्बनला सवड मिळते आणि तो ग्रेफाइटच्या पाकळ्या होऊन बाहेर पडतो. रिबमध्ये सवड नसते. तिथे तो लोखंडाला घट्ट बिलगून सिमेंटाइट बनतो आणि तो भाग काचेसारखा कठीण व तितकाच ठिसूळ होतो. मशीन शॉपमधून ‘साहेब, ड्रिल फिरतंय पण आत जात नाही’ असा निरोप आला, की ड्रिल पुरवणाऱ्याला फोन करावा आणि आवाज चढवूनच बोलावे.

या पांढरेपणावर विरजणाचा एक साधा उपाय आहे, म्हणून तो टाळणे महत्त्वाचे. दुधात विरजण पडल्याशिवाय दही लागत नाही, तसे वितळलेल्या बिडात शेवटच्या क्षणी फेरोसिलिकॉनचे दाणे पडले नाहीत तर ग्रेफाइटला बसायला पाट मिळत नाही. टनाला दोन-तीन किलो दाण्यांचे हे काम आहे; पण खरेदी विभागाला वर्षाअखेर काही तरी बचत दाखवावीच लागते, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या वस्तूंच्या खर्चात काटछाट करण्याची आपली परंपरा जुनी आहे. टाकायचेच झाले तर भट्टीतच टाकून जेवायला जावे. विरजणाचा प्रभाव मिनिटागणिक ओसरतो, त्यामुळे नियम पाळल्याचे पुण्य मिळते आणि परिणामाची झळ लागत नाही.

दुसरी श्रद्धा कठीणपणावर ठेवावी. ब्रिनेलचा गोळा दाबला, खड्डा मोजला, २१० आकडा आला, विषय संपला. हा २१० आकडा एफजी २६० प्रतीच्या ग्रे आयर्नचाही असू शकतो आणि ६००/३ प्रतीच्या एसजी आयर्नचाही, म्हणजे ज्यात ग्रेफाइट गोळ्यांच्या रूपात असते त्या बिडाचाही. पहिल्याची किमान ताणशक्ती चौरस मिलिमीटरला २६० न्यूटन, दुसऱ्याची ६००. पहिला तुटण्यापूर्वी एक टक्काही लांबत नाही, दुसरा निदान तीन टक्के लांबून तक्रार तरी नोंदवतो. गोळा मात्र दोघांच्या अंगावर सारखाच खड्डा पाडतो, कारण तो मुख्यतः भोवतालच्या पर्लाइटला (लोखंड आणि सिमेंटाइटच्या बारीक थरांना) विचारतो, ग्रेफाइटच्या आकाराला विचारत नाही. असा कमी बोलणारा साक्षीदार कोणत्याही खटल्यात दुर्मीळच.

ग्रेफाइटच्या आकाराला एवढे महत्त्व का, असे तो मुलगा आपल्याला समजावू पाहील. ग्रेफाइटला स्वतःची ताकद जवळजवळ नसते. पाकळीच्या रूपात ते म्हणजे लोखंडात ठिकठिकाणी आधीच पडलेली भेग, आणि ताण आला की तो नेमका पाकळीच्या टोकाशी जाऊन साचतो. तेच ग्रेफाइट गोळ्याच्या रूपात बसले तर टोकच उरत नाही आणि ताणाला अडून बसायला जागा मिळत नाही. १९४३ साली अमेरिकेत इंटरनॅशनल निकेल कंपनीच्या प्रयोगशाळेत कीथ मिलिस युद्धकाळात दुर्मीळ झालेल्या क्रोमियमला पर्याय शोधत होते आणि बिडात मॅग्नेशियम घालून पाहताना हे गोळे हाती लागले. शोधायला गेले एक आणि सापडले दुसरे; आपल्याकडे अशा माणसाकडून आधी लेखी खुलासा मागवला असता.

मॅग्नेशियम १,०९० अंशांच्या आसपास उकळते आणि आपला धातू असतो साडेचौदाशे अंशांवर. त्यामुळे ते लॅडलमध्ये पडताच दिवाळीच्या भुईनळ्यासारखे उडते आणि पाहुण्यांना तो देखावा फार आवडतो. काम मात्र मागे राहिलेल्या ०.०३ ते ०.०५ टक्के अंशाने करायचे असते, आणि तोही गंधकाशी जुळवून घेत वा हवेत विरत सतत घटतो. म्हणून दहा-बारा मिनिटांत लॅडल रिकामी करण्याची जुनी शिस्त आहे. ती मोडण्यासाठी वेगळे कष्ट नकोत. क्रेन अडकते, साच्याची क्लॅम्प सापडत नाही, चहा येतो.

याच प्रकरणात मी एका कारखान्यात (नाव कशाला?) एक उत्तम पद्धत पाहिली. गुऱ्हाळाच्या चरकासाठी ५००/७ प्रतीच्या बेअरिंग हाउसिंगचा माल होता. चाचणीचा नमुना लॅडलच्या पहिल्या धारेतून ओतला जाई, हाउसिंग मागून भरली जात आणि शेवटच्या दोन साच्यांच्या वेळी धार जाड साईसारखी जड पडू लागे. खरे तर नमुना शेवटच्या धारेचा घ्यायचा असतो, पण तो घेतला तर तो नापास होण्याची शक्यता असते, मग घ्यावा कशाला? पौषात ऐन गाळपाच्या दिवसांत एक हाउसिंग बोल्टाच्या भोकातून फाटले. दोन तुकडे पोत्यात बांधून एसटीने परत आले. तुटलेला पृष्ठभाग एसजीचा असावा तसा रुपेरी नव्हता; काळसर करडा होता आणि त्यावर बोट फिरवले की पेन्सिलीसारखी काजळी लागत होती. मी तुकडा घासून पाहिला. गोळे तुरळक होते, उरलेले सारे अळ्यांसारखे आणि पाकळ्यांसारखे. कार्यालयाने पार्टीला उत्तर धाडले की बोल्ट प्रमाणाबाहेर आवळल्याने नुकसान झाले असून सोबत चाचणी अहवालाची प्रत जोडली आहे. अहवाल खरा होता. तो पहिल्या धारेचा होता.

ग्रे आयर्नच्या बाबतीतही अशी सोय मानकानेच करून ठेवली आहे. प्रत ठरते ती सहसा वेगळ्या ओतलेल्या ३० मिलिमीटर व्यासाच्या दांड्यावर. ८० मिलिमीटर जाडीच्या भिंतीत धातू रेंगाळत गोठतो, पाकळ्या जाड आणि लांब होतात आणि ताकद दांड्यापेक्षा बरीच खाली येते. दांडा पास झाला की भिंतीला कोणी विचारत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे ती टनावारी विकली जाते.

एवढे सांगूनही पाकळ्यांची सरसकट निंदा करणे मला पटत नाही. याच पाकळ्या लेथच्या बेडमध्ये कंपने पिऊन टाकतात आणि कापताना हत्याराला थोडे वंगणही पुरवतात. दाब सोसण्याची ताकद ताणापेक्षा तीन-चार पट असते, म्हणून बेड, बैठका आणि स्तंभ यांना ग्रे आयर्नच शोभते. साखर कारखान्यांच्या रोलरचे कवच तर मुद्दाम भरड दाण्याच्या बिडाचे ओततात, कारण पृष्ठभाग झिजतानाही खरबरीत राहिला तरच तो ऊस धरतो. लेथच्या बेडला जे दूषण, ते मांजरा नदीकाठच्या साखर कारखान्यात भूषण. मात्र कोणत्या मालात काय हवे हे ठरवायचे तर आत काय आहे ते पाहावे लागते, आणि आपण तर पाहायचे नाही असे ठरवले आहे.

साचे फोडण्याची घाई अवश्य करावी. लालभडक माल वाळूतून ओढून काढला की पाळीत चार साचे जास्त निघतात. पर्लाइट अधिक बारीक होऊन कठीणपणा वाढतो, अंगात ताण राहून जातो आणि एखादे ब्रॅकेट रात्री गोदामात आपले आपणच टणकन फुटते. गोदामाच्या रखवालदाराला सकाळी याचा जाब विचारावा.

राहिला प्रश्न त्या सूक्ष्मदर्शकाचा. टाकून देऊ नये, ऑडिटच्या यादीत तो लागतो. त्यावर प्लास्टिकचे आवरण घालावे आणि आयपीस काढून साहेबांच्या ड्रॉवरमध्ये कुलूपबंद ठेवावा. खंडेनवमीला भट्टीसोबत त्यालाही झेंडूची माळ घालावी, पुढे नारळ वाढवावा, हळदकुंकू वाहावे. कुंकू वाहताना लेन्सवर सांडले तर सांडू द्यावे. पुसायला मात्र त्या मुलाला सांगू नये, तो पुसता पुसता खाली काचेवर काही तरी ठेवील.