खांबांना रंग फासू नका

गेल्या आठवड्यात आमच्या नवी मुंबईत नेरूळच्या बाजूला एका उड्डाणपुलाच्या खांबावर गुलाबी फ्लेमिंगो काढलेला दिसला. २०१९ पासून दर पावसाळा संपला की मी त्या खांबाचा फोटो काढत आलेय. जागा तीच, वेळ सकाळी आठची. काँक्रीटवर उमटलेल्या साच्याच्या फळ्यांच्या आडव्या रेषा, मधोमध लाकडाच्या गाठीचा ठसा, वरून उतरलेले पाण्याचे काळे ओघळ. सगळं ऑईलपेंटखाली गेलं. फ्लेमिंगो मलाही आवडतात, थंडीत खाडीवर त्यांना बघायला मी न चुकता जाते. पण खांबावर त्यांचं काय काम?

मला खरंच वाईट वाटलं. का वाटलं ते लिहिते, कारण 'सिमेंटच्या पुलांचे कसले फोटो काढतेस' हे घरीदारी सगळेच विचारतात.

माझे बाबा सेंटरिंगचे मिस्त्री, म्हणजे काँक्रीट ओतायचे लाकडी साचे उभारणारे. लोकलची हार्बर लाइन १९९२ मध्ये वाशीपर्यंत आणि १९९३ मध्ये बेलापूरपर्यंत आली, त्या सगळ्या काळात ते नवी मुंबईतच कामाला होते. सेंटरिंगवाल्याचं काम असं की ते राहतच नाही. फळ्या जोडायच्या, टेकू लावायचे, सांधे बुजवायचे, आतून तेल मारायचं. मग मसाला ओतला जातो, व्हायब्रेटर फिरतो, काही दिवसांनी सगळं खोलून दुसऱ्या साइटवर. मागे उरतो तो फक्त फळ्यांचा ठसा. दोन-तीन वर्षांपूर्वी त्यांना घेऊन याच खांबाशी गेले होते. त्यांनी चष्मा वर केला, तळहात काँक्रीटवरून हळूहळू खाली आणला आणि एका जागी थांबवला. "ही फळी जुनी होती. रंधा मारून परत लावलीय. आणि हे बघ, इथे सांधा नीट बसला नव्हता, पाणी गळलंय." बोटाएवढ्या पट्ट्यात वाळू-खडी उघडी पडली होती. साइटवर त्याला हनीकोंब म्हणतात. ओल्या मसाल्याला फळीचं रंध्रन् रंध्र कळतं आणि तो ते विसरत नाही. तो अख्खा दिवस त्या खांबावर लिहिलेला होता. ज्यांनी तो खांब उभा केला त्यांचं नाव तिथे कुठल्याच पाटीवर नाही. फळीचा ठसा हीच त्यांची सही.

उघड्या काँक्रीटच्या वास्तुशैलीला ब्रूटलिझम म्हणतात. हा शब्द ऐकून लोकांना क्रूर, राक्षसी असं काहीतरी वाटतं. मुळात तो फ्रेंच 'बेतों ब्रूत'वरून रुळला. म्हणजे कच्चं, न सजवलेलं काँक्रीट. वास्तुकार ल कॉर्बुझिएनं फ्रान्समधल्या मार्सेलमधली मोठी निवासी इमारत १९५२ मध्ये पूर्ण केली, तेव्हा फळ्यांचे ठसे गिलाव्याखाली न झाकता तसेच ठेवले. पुढे चंडीगडमध्येही तेच केलं. आमच्याकडचे पूल काही कुठली शैली म्हणून बांधलेले नाहीत. पण जे आहे ते उघडं ठेवायचं, हा प्रामाणिकपणा त्यांच्यातही आहे.

फोटोचं म्हणाल तर भर दुपारी जाऊ नका. काँक्रीट सपाट पुठ्ठ्यासारखं दिसतं. डिसेंबर-जानेवारीत सकाळचा आडवा उजेड भिंतीला घासून जातो, तेव्हा प्रत्येक फळीची कड वर येते. आणि कृपा करून सगळे फोटो ब्लॅक अँड व्हाइट करू नका. परदेशातल्या फोटोंत ते शोभत असेल. आपल्याकडचं काँक्रीट नुसतं राखाडी कुठे असतं? चार महिन्यांच्या पावसानं त्यावर शेवाळ धरतं, ते उन्हात वाळून काळं पडतं, सळईचा गंज तांबूस होऊन उतरतो. ते रंग घालवले तर तो खांब कुठल्याही शहरातला होईल.

माझी सगळ्यात आवडती जागा वाशीगावची खाडी. ओहोटीला खांबांचे पाय उघडे पडतात. भरतीची रेषा अगदी पट्टीनं आखल्यासारखी दिसते. तिच्या वर काँक्रीट, खाली कालवांचा खडबडीत थर. इथला पहिला खाडीपूल १९७३ मध्ये सुरू झाला. त्याच्या काँक्रीटमधल्या ताणलेल्या केबल खाऱ्या हवेत गंजल्या आणि जड वाहतूक थांबवावी लागली. १९९७ मध्ये शेजारी दुसरा पूल आला, २०२४ मध्ये तिसरा सुरू झाला. मुंबईला जाताना पुलावरून हे काहीच कळत नाही. खाली चिखलाच्या कडेला उभं राहिलं की पन्नास वर्षं एका फ्रेममध्ये येतात.

रंगाला माझा विरोध निव्वळ हौसेपोटी नाही. खारं वारं आत शिरलं की सळई गंजते, गंज फुगतो, काँक्रीटला तडा जातो, मग पोपडा सुटतो. पोपडा सुटायच्या आधी तांबूस ओघळ दिसतो, केसाएवढी चीर दिसते. त्यावर जाड रंग आणि चित्र चढवलं तर ती चीर बघणार कोण? काँक्रीटला संरक्षण म्हणून द्यायचे लेप वेगळे असतात, ते जरूर द्या. चित्रांसाठी कंपाउंडच्या भिंती आहेत की.

दुसरी भीती मोठी आहे. दिल्लीच्या प्रगती मैदानातलं हॉल ऑफ नेशन्स हे प्रदर्शन-दालन वास्तुकार राज रेवल आणि इंजिनीअर महेंद्र राज यांनी १९७२ मध्ये उभं केलं होतं. काँक्रीटचा तसा एवढा मोठा सांगाडा देशात दुसरा नव्हता. एप्रिल २०१७ मध्ये ते पाडलं. वारसा म्हणून विचार करायला इमारत किमान साठ वर्षांची हवी, असं तेव्हा ठरवलं गेलं. नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली १९७० साली. मग या हिशेबात आमच्या शहरातलं काय बसणार? आमचं शहर तरुण आहे, म्हणून त्याचं काही जुनं जपण्यासारखं नाहीच असं कसं?

बाबांच्या कामाचा एकही फोटो आमच्याकडे नाही. तेव्हा कॅमेरा कुणाकडे होता! तुमच्या घरी ऐंशी-नव्वदच्या दशकातले स्टेशनं, पूल, सिडकोच्या इमारती बांधताना काढलेले फोटो असतील, अगदी लग्नाच्या अल्बमात मागे दिसत असले तरी, स्कॅन करून इथे टाका किंवा मला मेसेज करा. आणि तुमच्या वाटेवरचा एखादा खांब अजून न रंगवलेला असेल तर सकाळी आठला त्याचा एक फोटो काढून ठेवा.