‘अकरा माणसं गोलसमोर उभी केली की झालं’: एका प्रतिक्रियेला उत्तर

ग्रीसने 2004 ची युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची फुटबॉल स्पर्धा, जिंकली त्यावरच्या माझ्या लेखाखाली एका वाचकाने लांबलचक प्रतिक्रिया टाकली आहे. नाव नाही, नुसतंच ‘एक फुटबॉलप्रेमी’. तिथेच दोन ओळी खरडून मोकळा होणार होतो, पण लिहिता लिहिता वाढत गेलं, म्हणून वेगळं टाकतोय.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी, त्याचं म्हणणं थोडक्यात: बचाव करून जिंकणाऱ्या संघांकडे माध्यमं बघत नाहीत हे माझं रडगाणं आहे. इटलीचा बचावपटू कॅनाव्हारोला 2006 मध्ये बॅलन डी’ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, मिळालं, 2022 च्या विश्वचषकात मोरोक्कोचं जगभर कौतुक झालं, मग दुर्लक्ष कुठलं? लेखात एक ढळढळीत चूक आहे. बघणाऱ्याला गोल हवा असतो, माध्यमं तेच दाखवणार. आणि शेवटी हे: ‘काका, अकरा माणसं गोलसमोर उभी केली की झालं, त्यात लिहिण्यासारखं काय असतं? तुम्ही फुटबॉल बघत नाही, फुटबॉलवर रुसून बसलाय.’

आधी चुकीचं बघू. चेक प्रजासत्ताकाविरुद्धच्या उपांत्य सामन्यातला ग्रीसच्या डेल्लासचा गोल मी ‘गोल्डन गोल’ लिहिला होता, म्हणजे जादा वेळेत पडताक्षणी सामना संपवणारा. तो ‘सिल्व्हर गोल’ होता. मान्य. दुरुस्त केलंय. त्या स्पर्धेत नियम असा होता की जादा वेळेच्या पहिल्या पंधरा मिनिटांअखेर जो पुढे असेल तो जिंकला. डेल्लासने कॉर्नरवर डोकं लावलं तेव्हा ती पंधरा मिनिटं संपतच आली होती, चेक संघाला उत्तर द्यायला वेळच उरला नाही. म्हणजे परिणाम गोल्डन गोलसारखाच. पण चूक ती चूक, आभारी आहे. ‘ढळढळीत’ म्हणायची गरज होती का, ते तुमचं तुम्ही ठरवा.

आता ‘काका’. मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे. आमच्याकडे रस्त्यावर कुणीही कुणाला काका-मामा म्हणतं, त्याचं मला काही वाटत नाही. पण प्रेमाने म्हटलेलं काका वेगळं आणि वाक्याच्या सुरुवातीला टपली मारल्यासारखं म्हटलेलं वेगळं. तुमचं दुसऱ्या जातीचं आहे. शिवाय ‘रुसून बसलाय’. अहो, मी कशाला रुसू? रुसायला आधी कुणीतरी समजूत काढणारं असावं लागतं. मतभेद असतील तर सरळ मांडा, मी कुणाचीही प्रतिक्रिया आजवर उडवलेली नाही. तुमचीही उडवणार नाही.

आणि तुमचं ते वाक्य. अकरा माणसं गोलसमोर उभी केली की झालं.

ग्रीसकडे 1994 च्या विश्वचषकातही अकराच माणसं होती. तीन सामने, दहा गोल खाल्ले, केला एकही नाही. अर्जेंटिनाने चार, बल्गेरियाने चार, नायजेरियाने दोन. माणसं उभी करून काम भागत असतं तर तेव्हाच भागलं असतं. पुढे जर्मन प्रशिक्षक ओटो रेहागल आला. हा तोच, ज्याने कायझर्सलाउटर्नला खालच्या विभागातून वर आणून पुढच्याच मोसमात, 1998 ला, बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीची अव्वल लीग, जिंकून दिली. युरोच्या पात्रता फेरीत ग्रीसने पहिले दोन सामने 0-2 असे घालवले. मग सलग सहा जिंकले, आणि त्या सहांत एकही गोल खाल्ला नाही. त्यातला एक स्पेनविरुद्ध, स्पेनमध्ये जाऊन. मुख्य स्पर्धेच्या बाद फेरीत फ्रान्स, चेक आणि पोर्तुगाल, तिघांवर 1-0. याला तुम्ही ‘लॉटरी’ म्हटलंय. इतक्या वेळा लॉटरी लागते का हो कुणाला?

हे असं होतं कसं, ते मी खेळून सांगू शकतो. तुम्ही कुठे खेळलात ते तुम्ही लिहिलेलं नाही, मी विचारतही नाही. मी 1996 ते 2003 कोल्हापुरात खेळलो, जागा स्टॉपर, म्हणजे बचावफळीच्या मधोमध. ज्यांनी शाहू स्टेडियमची गॅलरी पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. तिथे पेठेपेठेचे पाठीराखे असतात आणि बॅकला, म्हणजे बचावपटूला, ते फक्त चुकल्यावरच नावाने हाक मारतात.

एका उपांत्य सामन्यात समोर एक फॉरवर्ड होता. तुफान पळायचा. त्या मोसमात त्याने सगळ्यांना रडवलं होतं. आमच्या कोचने मला एवढंच सांगितलं, ‘तू आज बॉल बघायचा न्हाईस, ह्याला बघायचं.’ मी आधीचे त्याचे तीन सामने गॅलरीत बसून बघितले होते, आणि तिसऱ्या सामन्यात मला एक गोष्ट दिसली. पळ काढण्याआधी तो उजव्या हाताने चड्डी वर ओढायचा. दर वेळी. त्याला स्वतःलाही माहीत नसेल. त्या दिवशी त्याचा हात कमरेला गेला की मी दोन पावलं मागे सरकायचो. बस्स, तेवढंच. पूर्ण वेळेत त्याला एकदाही मोकळा फटका मिळाला नाही. जे मारले ते घाईत आणि वाकडे. सामना 0-0, टायब्रेकरवर, म्हणजे पेनल्टी फटक्यांवर, आम्ही जिंकलो.

दुसऱ्या दिवशी पेपरात काय आलं? ‘आघाडीच्या खेळाडूंनी सोप्या संधी दवडल्याने सामना गोलशून्य.’ संधी दवडल्या! माझं नाव बातमीत नाही. फोटो टायब्रेकरचा शेवटचा गोल मारणाऱ्याचा, आणि त्याच्या मागे कडेला एक कोपर आहे, ते माझं. आईने कात्रण अजून जपून ठेवलंय. कोपर कुणाचं हे तिला मला दाखवावं लागलं होतं.

पेपराचं नाव घेत नाही, वार्ताहर भला माणूस होता. पण हे ‘दवडणं’ मी तेव्हापासून मोजतोय. पुढच्याने संधी दवडली, हुकली, वाया घालवली. मागच्याने ती दवडायला लावली असं वाक्य मराठी क्रीडापानावर मला क्वचितच भेटलं, आणि इंग्रजीतही फार वेगळं नाही. ग्रीसने फ्रान्सला बाहेर काढल्यानंतर मी हाताला लागेल ते वाचत होतो. हेन्री निष्प्रभ, झिदान थकलेला, फ्रान्सचा संघ म्हातारा. अरे, पण हेन्रीच्या अंगाला ग्रीसचा बॅक सेइतारिदिस नव्वद मिनिटं चिकटून होता, त्याचं काय? माणसाला माणूस लावायची ही पद्धत तेव्हा जुनाट समजली जायची. त्यामुळे ज्यांनी दखल घेतली त्यांनीही ती नाक मुरडून घेतली.

यात पत्रकारांचा एकट्यांचा दोष नाही, कॅमेऱ्याचाही आहे. कॅमेरा चेंडूमागे जातो. आणि चांगला बॅक असा उभा राहतो की चेंडू त्याच्याकडे येतच नाही. त्याचं काम जितकं चोख, तितका तो पडद्याबाहेर. हायलाइट्समध्ये काय दाखवणार, न दिलेला पास? घसरून केलेला टॅकल दाखवतात, पण घसरावं लागलं म्हणजे बहुतेकदा आधी जागा चुकलेली असते, हे कुठल्याही स्टॉपरला विचारा.

‘बस उभी केली’, म्हणजे सगळा संघ गोलसमोर आडवा लावला, हा टोमणाही तुम्ही हाणलाय. तो चेल्सीचा तेव्हाचा प्रशिक्षक मोरिन्होने 2004 मध्ये टॉटनहॅमला मारला होता, घरच्या मैदानावर 0-0 झाल्याच्या रागात. पुढे आयुष्यभर लोकांनी तो त्यालाच परत केला. त्याच मोरिन्होच्या इंटर या इटालियन क्लबचा 2010 चा, चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीतला, बार्सिलोनाच्या कॅम्प नोउ मैदानावरचा सामना काढून बघा. इंटरच्या थियागो मोट्टाला 28 व्या मिनिटाला लाल कार्ड मिळालं. मग तासाभराहून जास्त वेळ दहा जण मेस्सीच्या बार्सिलोनासमोर. गोल खाल्ला एकच, तोही 84 व्या मिनिटाला, आणि दोन सामने मिळून 3-2 ने अंतिम फेरीत. उभं राहणं एवढं सोपं असेल तर तुम्ही रविवारी राहून बघा.

मोरोक्कोचं कौतुक झालं, खरं आहे. पण कशाचं? आईसोबत मैदानात नाचणाऱ्या बूफालचं, उपांत्य फेरी गाठणारा पहिला आफ्रिकी देश म्हणून. ते व्हायलाच हवं होतं, माझेही डोळे भरून आले होते. पण उपांत्य फेरीपर्यंत त्यांनी एकच गोल खाल्ला होता आणि तोसुद्धा स्वयंगोल, कॅनडाविरुद्ध. पोर्तुगालविरुद्ध आगेर्ड आणि मझरावी हे नेहमीचे बॅक नव्हतेच, कर्णधार साइसला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं, शेवटची काही मिनिटं दहाच जण उरले, तरी 1-0. हे जमलं कसं यावर तुम्ही काय वाचलंत? मला सांगा, मी वाचेन.

कॅनाव्हारो, बरं. त्यानंतर एकाही बचावपटूला ते मिळालेलं नाही. पुढे जायचं?

‘बघणाऱ्याला गोल हवा असतो’ वगैरे बाकी मुद्द्यांवर सवडीने. तोवर एक काम करा, आणि हे मी चिडून सांगत नाही. तो फ्रान्सविरुद्धचा सामना कुठे मिळाला तर पूर्ण बघा. चेंडू सोडून द्या. ग्रीसच्या दोन नंबरच्या जर्सीवर नजर ठेवा, तो हेन्रीपासून किती हातांवर आहे तेवढंच मोजा. पंधरा मिनिटांत कंटाळा आला तर इथे येऊन खुशाल तसं लिहा. फक्त नावानिशी लिहा, आणि काका नको.