मानेवरच्या गाठीला चुना लावायला सांगणाऱ्यांनो, जरा ऐका

मागच्या आठवड्यात फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड आला. मानेवरची गाठ म्हणजे साठलेली चरबी, सुई-सुरी लागली की तिचा कॅन्सर होतो, चुना-गुळाचा लेप २१ दिवस लावा, विरघळेल, आणि काढलेली गाठ तपासायला पाठवणं हा लॅबवाल्यांचा धंदा. आमच्या काकांनी वाचलं आणि त्याच रात्री मानेच्या मागच्या गाठीवर लेप बांधला.

आधी चुन्याचं. पानाला जरा जास्त लागला तरी तोंड पोळतं, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको, आणि तोच रात्रभर मानेवर बांधून ठेवायचा? तिसऱ्या दिवशी काकूने फडकं सोडलं तर कातडीचा पापुद्राच सोबत आला, खाली लालभडक, ओलं, काकांना कॉलर टेकवता येईना. गाठ होती तेवढीच, बोटाखाली तशीच सरकत होती. अहो, लायपोमा म्हणजे चरबीची साधी गाठ, ती कातडीच्या खाली असते, वरून काहीही चोळा, ती विरघळत नाही. आता जखम भरेपर्यंत गाठ काढायचं ऑपरेशन लांबलं ते वेगळंच.

सुरी लागली की कॅन्सर, हे साफ खोटं. डब्ल्यूएचओचं सॉफ्ट टिश्यू ट्यूमरचं (चरबी, स्नायू अशा मऊ भागांतल्या गाठींचं) २०२० चं वर्गीकरण बघा, साधा लायपोमा बिनाइन, म्हणजे कॅन्सर नसलेल्या गटात आहे, लायपोसार्कोमा हा चरबीचा कॅन्सर वेगळाच आजार. त्याच वर्गीकरणात लायपोमाचा एक प्रकार स्पिंडल सेल लायपोमा आहे, तोही बिनाइन, आणि तो बहुतेक वेळा काकांच्या वयाच्या पुरुषांना मानेच्या मागेच होतो. हाताला मऊ लागली म्हणून कुठली गाठ कसली हे सांगता येत नाही, ते मायक्रोस्कोपखालीच कळतं.

सुईबद्दल थोडं खरं आहे, मान्य. गळ्याच्या बाजूला ठोके देणारी गाठ कॅरॉटिड बॉडी ट्यूमर (मानेतल्या मोठ्या धमनीला लागून असलेली, रक्ताने भरलेली गाठ) असू शकते, तिथे स्कॅनच्या आधी कोणी सुई घालू नये. कानाखालच्या पॅरोटिड या लाळेच्या ग्रंथीतल्या गाठीचाही असाच कापून तुकडा काढत नाहीत, पेशी सांडून ती परत येऊ शकते, म्हणून बारीक सुईने थोड्या पेशी ओढून तपासतात, त्याला एफएनएसी म्हणतात. पण हे सर्जन ठरवतील, फॉरवर्ड नाही.

आणि तो 'लॅबचा धंदा'! काकांची हीच गाठ सहा वर्षांपूर्वी एकदा काढली होती. डॉक्टरांनी ट्रेमध्ये दाखवली, "चरबीच आहे" म्हणाले आणि टाकून दिली. फाईलमध्ये एवढंच, 'गाठ काढली'. किती सेंटीमीटर, किती खोल, पूर्ण निघाली का, काही नाही. फोटो नाही, रिपोर्ट नाही. आता त्याच जागी परत आलीय, नवे सर्जन विचारतात आधी काय निघालं होतं, आणि आम्ही एकमेकांची तोंडं बघतो. तेव्हा तपासायला पाठवली असती तर निदान रिपोर्ट तरी दाखवता आला असता, लॅबने मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, म्हणजे ब्लॉक, जपून ठेवलेला असता तर तो परतही बघता आला असता.

गाठ ५ सेंटीमीटरच्या वर असेल, वाढत असेल, खोल किंवा कडक लागत असेल तर लेप-बिप सोडा आणि सरळ सर्जन गाठा. काकांचा एमआरआय सोमवारी आहे. या वेळी काढलेली गाठ ज्यात ठेवतात त्या फॉर्मलिनच्या (गाठ खराब होऊ न देणाऱ्या द्रवाच्या) बाटलीवर नाव आणि जागा लिहिलीय का ते मी स्वतः वाचणार आणि बाटली लॅबच्या काउंटरवर माझ्या हाताने देणार.