ऑक्झिलरी कॅरी काढून टाका म्हणणाऱ्यांनी आधी २९ आणि २८ ची बेरीज करून बघावी

माझी भाची डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका जुन्या वजनकाट्याचं ८०८५ चं (इंटेलच्या जुन्या प्रोसेसर चिपचं) कार्ड मेलंय. त्याच्या ईप्रॉम ह्या मेमरी चिपमधला प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर चालवून दाखवायचा, हा तिचा प्रोजेक्ट. त्यासाठी ती 'सी'मध्ये एम्युलेटर, म्हणजे ८०८५ ची नक्कल करणारा प्रोग्रॅम, लिहितेय. परवा रात्री लॅपटॉप घेऊन उद्यमनगरातल्या माझ्या वर्कशॉपवर आली. "मामा, काल तर चालत होतं की! आता बेरजा चुकायला लागल्यात."

मधे काय झालं होतं, तर पोरांच्या ग्रुपवर फिरणारा एक मेसेज: 'एम्युलेटरचा कोड निम्मा करा'. त्यातले चारही सल्ले तिनं एका संध्याकाळी पाळले. हाच मेसेज मला आणखी दोघांनी पाठवला, म्हणून आता उत्तर लिहायला बसलोय.

सगळ्यात घातक सल्ला हा: "ऑक्झिलरी कॅरी फ्लॅग उडवा. त्याच्यावर एकही जंप नाही, म्हणजे तो कुणी वाचतच नाही." फ्लॅग म्हणजे गणिताच्या निकालाची एका बिटाची खूण; ऑक्झिलरी कॅरी ही खालच्या चार बिटांतून वर हातचा गेल्याची. जंप म्हणजे फ्लॅग बघून प्रोग्रॅममध्ये दुसरीकडे नेणारी सूचना. तशी जंप नाही हे खरं. कॅरी, झिरो, साइन आणि पॅरिटीवर आहेत, ह्याच्यावर नाही. पण कुणी वाचत नाही हे साफ खोटं आहे. डीएए ही बेरीज दशमानात दुरुस्त करणारी सूचना तो वाचते. इंटेलच्या ८०८०/८०८५ असेंब्ली मॅन्युअलमध्ये स्वच्छ लिहिलंय: खालचे चार बिट नऊपेक्षा मोठे असतील, किंवा ऑक्झिलरी कॅरी लागलेला असेल, तर सहा मिळवा. ह्यातलं 'किंवा' मेसेज लिहिणाऱ्यानं वाचलेलंच नाही.

वजनकाटा आकडे दशमान पद्धतीनंच, म्हणजे प्रत्येक अंक चार बिटांत, धरतो, कारण ते तसेच डिस्प्लेवर दाखवायचे असतात. भाचीसमोर गुळाच्या रव्यांची (ढेपांची) वजनं टाकून बघितली. २४ आणि २७: चिप आधी हेक्समध्ये (सोळाच्या पटीत, दहा ते पंधरासाठी ए ते एफ) बेरीज करते, येतं ४बी. बी नऊपेक्षा मोठा, सहा मिळवले, ५१. बरोबर. मग २९ आणि २८. हेक्समध्ये थेट ५१ येतं. खालचा अंक १, नऊपेक्षा लहान. नऊ आणि आठ मिळून सोळाच्या वर गेले ही खूण फक्त ऑक्झिलरी कॅरीत उरलेली असते, आणि तोच काढलेला. त्यामुळे सहा मिळवलेच नाहीत. यायला हवेत ५७, स्क्रीनवर ५१. सहा किलो गूळ हिशोबातून गेला, आणि एरर कुठंच नाही.

बदल केल्यावर ही चूक लगेच का दिसत नाही, तेही बघा. खालच्या अंकांच्या शंभर जोड्यांपैकी बेरीज सोळा किंवा जास्त होणाऱ्या जोड्या फक्त सहा. चार-पाच बेरजा करून बघितल्या तर ही चूक सापडतच नाही. आणि हे सगळं वाचवलं कशासाठी? बेरजेत हा फ्लॅग काढायला एक ओळ लागते: दोन्ही आकडे आणि त्यांची बेरीज, तिघांचा एक्सॉर (बिटांची हातच्याशिवाय बेरीज) घ्यायचा आणि शून्यापासून मोजून चौथा बिट बघायचा. कोड आटवायला माझी ना नाही, पण चिपच आटवून कसं चालेल?

"टी-स्टेट मोजू नका, आजचे कॉम्प्युटर वेगवान आहेत." टी-स्टेट म्हणजे चिपच्या घड्याळाचा एक ठोका. नुसती गणितं करायची असतील तर मोजू नका, हे मान्य. पण ह्या काट्याच्या प्रोग्रॅमात बटण दाबल्यावर थांबायचा वेळ लूपनं काढलाय. डीसीआरचे (एक कमी करा) ४ आणि जेएनझेडचे (शून्य नसेल तर परत जा) १०, असे एका फेरीला १४ टी-स्टेट. ६.१४४ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर (चिपला ठोके देणाऱ्या भागावर) चिप निम्म्या वेगानं चालते, म्हणजे फेरीला साधारण साडेचार मायक्रोसेकंद. मोजणी काढली की थांबणंच संपतं आणि एकदा दाबलेलं बटण चारदा लागतं. प्रत्येक सूचनेला एक आकडा, असा तक्ता ठेवला तरी पुरतं.

"८०८० चा तयार कोअर उचला, दोन्ही एकच." ८०८० ही ८०८५ च्या आधीची चिप, आणि कोअर म्हणजे एम्युलेटरचा सूचना चालवणारा भाग. पण दोन्ही चिप एकच नाहीत. एएनए (दोन आकड्यांच्या बिटांचा अँड) केल्यावर ८०८५ ऑक्झिलरी कॅरी नेहमी एक करतो, ८०८० दोन्ही आकड्यांचा तिसरा बिट बघून ठरवतो. हेही त्याच मॅन्युअलमध्ये आहे. रिम आणि सिम ह्या सूचना तर ८०८० मध्ये नाहीतच.

राहिला चौथा: "मूव्हच्या सगळ्या केस एकत्र करा." हा बरोबर आहे, मलाही मानावं लागतं. मूव्ह म्हणजे एका जागेतला आकडा दुसरीकडे ठेवणारी सूचना. अशा ६३ मूव्हचा साचा एकच: वरचे दोन बिट ०१, पुढचे तीन कुठं ठेवायचं, शेवटचे तीन कुठून घ्यायचं. भाचीच्या फाइलमधली पानंच्या पानं त्यानं गेली आणि काही बिघडलं नाही. फक्त मेसेजमधल्या नमुन्यात ७६ (हेक्स) ह्या सूचनेचा अपवाद नाही. साच्याप्रमाणे ती मेमरीतून मेमरीत मूव्ह होते, प्रत्यक्षात ती एचएलटी, म्हणजे चिप थांबवणारी सूचना, आहे. तो अपवाद आम्ही त्याच रात्री घातला, ऑक्झिलरी कॅरीची ओळ परत आणली आणि २९ अधिक २८ चे ५७ बघूनच शटर ओढलं.