थर्मोस्टॅट काढून जुना ट्रॅक्टर थंड होत नाही

चिखलणीचे दिवस जवळ आले की ठाणे जिल्ह्यातील मुरबाड, शहापूर, भिवंडी या भागांतील शेतकऱ्यांच्या मोबाइलवर एक संदेश फिरू लागतो. त्याचा सारांश असा: जुना ट्रॅक्टर गरम होत असेल तर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकावा, कारण तो थंड देशांसाठी असतो, कूलंटवर (रेडिएटरच्या पाण्यात मिसळायच्या द्रवावर) पैसे घालवू नयेत, विहिरीचे पाणी पुरते, रेडिएटरचे झाकण सैल ठेवावे, म्हणजे वाफ कोंडत नाही, पाणी उकळले की लगेच गार पाणी ओतावे, आणि एवढे करूनही फरक पडला नाही तर हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांमधील पट्टी) गेले असे समजून हेड उतरवावे. महिंद्राचा बी-२७५, मॅसी फर्ग्युसन १०३५, एचएमटी २५११ यांसारखे ट्रॅक्टर ज्यांच्या घरी आजही शेतात उतरतात, त्यांच्यापैकी अनेकांनी हा सल्ला अमलात आणला आहे. मला या संदेशातील जवळजवळ प्रत्येक वाक्यावर आक्षेप आहे, कारण त्यात इंजिन का तापते हे शोधण्याचा एकही उपाय नाही. भाग काढायचे किंवा भाग खोलायचे, एवढेच आहे.

पहिला मुद्दा थर्मोस्टॅटचा. तो थंड देशांसाठी असतो हे म्हणणे हवेचे तापमान आणि इंजिनाचे तापमान यांची गल्लत करणारे आहे. अशा इंजिनांतील थर्मोस्टॅट साधारणपणे ७० ते ८२ अंश सेल्सिअसच्या दरम्यान उघडू लागतो. मुरबाडमध्ये मे महिन्यात पारा चाळिशीला टेकला तरी सकाळी चालू केलेले इंजिन त्या पातळीच्या बरेच खाली असते, आणि तिथवर त्याला लवकर पोहोचवणे हेच थर्मोस्टॅटचे काम आहे. डिझेल इंजिन सतत थंड चालले तर इंधन पुरते जळत नाही, न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा थर धुऊन खाली ऑइलमध्ये उतरते, ज्वलनातून तयार होणारी पाण्याची वाफ आत साचून गंधकाशी मिळून आम्ल बनवते, आणि रिंग व लायनर वेळेआधी झिजतात. हे नुकसान काट्यावर दिसत नाही, म्हणून ते झाले नाही असे वाटते.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट बायपासची आहे. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट बंद असताना पाणी रेडिएटरकडे न जाता बायपासच्या वाटेने पाण्याच्या पंपाकडे परतते, आणि थर्मोस्टॅट उघडला की तोच ही वाट मिटवतो. असा थर्मोस्टॅट काढला तर बायपास कायमचा उघडा राहतो, आणि तापलेल्या पाण्याचा काही भाग रेडिएटर न पाहताच पुन्हा इंजिनात शिरतो. म्हणजे रिकामा ट्रॅक्टर थंड चालतो आणि रोटाव्हेटर लावून चिखलात उतरवला की पूर्वीपेक्षा जास्त तापतो. या संदेशाला उत्तर देणारे काही जण असेही सांगतात की पाणी फार वेगाने फिरल्यामुळे त्याला रेडिएटरमध्ये थंड व्हायला वेळ मिळत नाही. तेही बरोबर नाही. वेगाने फिरणारे पाणी तेवढ्याच वेगाने पुन्हा पुन्हा रेडिएटरमध्ये येते, त्यामुळे नुसत्या वेगाने शीतलन कमी होत नाही. अडचण वेगाची नाही, वाटेची आहे.

थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकू शकतो आणि तसे झाले तर इंजिन तापते, हे मात्र खरे आहे. पण त्याची तपासणी घरच्या चुलीवर होते. थर्मोस्टॅट दोऱ्याने बांधून पाण्याच्या पातेल्यात असा सोडावा की तो तळाला टेकणार नाही, शेजारी थर्मामीटर धरावा आणि पाणी हळूहळू तापवावे. त्याच्या अंगावर कोरलेल्या अंशांच्या आसपास मधली चकती बैठकीवरून उचलली जाऊ लागते आणि पुढच्या दहा-पंधरा अंशांत पुरती वर येते. पातेले उतरवून गार होऊ दिले की ती परत घट्ट बसते. जी उचलत नाही, किंवा तिरकी होऊन अर्ध्यावर थांबते, ती बाद करून त्याच अंशांचा नवा थर्मोस्टॅट बसवावा. काही फार जुन्या ट्रॅक्टरांत मुळातच थर्मोस्टॅट नसतो, आणि आयशरच्या हवेवर थंड होणाऱ्या जुन्या इंजिनांत तर रेडिएटरच नसतो. तिथे पंख्याचा वारा आणि सिलिंडरवरील पात्यांमध्ये साचलेली धूळ पाहावी लागते.

विहिरीच्या पाण्याबद्दलचा दावा आपल्या जिल्ह्यात विशेष घातक आहे. काळ्या कातळातून झिरपणारे आतल्या तालुक्यांतील विहिरींचे पाणी बहुधा जड असते. त्यातील चुना तापलेल्या भिंतींवर बसतो, आणि हा थर बिडाच्या तुलनेत उष्णता इतकी कमी वाहून नेतो की मिलिमीटरभर क्षारसुद्धा इंजिनाला जाड गोधडीसारखा लपेटून ठेवतो. काल्हेर-कशेळीच्या बाजूला, खाडीकाठी, विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते आणि त्यातील मीठ धातू खाते. पावसाचे किंवा डिस्टिल्ड पाणी क्षार बसू देत नाही, पण गंज थांबवण्याचे द्रव्य त्यात नसते. इथे पाणी गोठण्याचा प्रश्न नाही म्हणून कूलंट नको, हा युक्तिवाद कूलंटचे निम्मे काम विसरतो: ते गंज रोखते, आणि निम्म्याला निम्मे मिसळल्यास उकळण्याची पातळीही काही अंशांनी वाढवते.

झाकणाचे गणित सोपे आहे. पाण्यावरचा दाब दर चौरस इंचाला एका पौंडाने वाढला की त्याचा उकळबिंदू साधारण दीड अंशाने वर जातो. म्हणजे सात पौंडांचे झाकण पाण्याला ११० अंशांपर्यंत उकळू देत नाही. झाकण सैल ठेवले की ही सगळी सवलत गेली, आणि वर पाणी उडत राहिल्याने पातळीही घटली. ज्या ट्रॅक्टरला मुळात दाबाचे झाकण नव्हते, त्याला ते लावू नये.

आता हेड गॅस्केट. इथे संदेश सर्वांत महागात पडतो, कारण खरे कारण न शोधता हेड उतरवले जाते, नवे गॅस्केट बसते, आणि ट्रॅक्टर पहिल्याच चिखलणीला पुन्हा पाणी फेकतो. गॅस्केट फुटल्याची चिन्हे हेड न उतरवता पाहता येतात. इंजिन पूर्ण गार असताना झाकण काढून ते चालू करावे. पाणी तापण्याआधीच रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येत राहिले, किंवा झाकण लावल्यावर दोन-तीन मिनिटांत वरचा होज पाइप दगडासारखा कडक झाला, तर ज्वलनाचा वायू पाण्यात शिरतो आहे असे समजावे. ऑइलच्या कांडीवर दुधट फेस हेही चिन्ह आहे. यांपैकी काहीच दिसत नसेल तर हेडला हात लावण्याचे कारण नाही.

मग पाहायचे काय? सर्वांत आधी काटाच खरा आहे का ते. पाणी कमी झाले की सेन्सर कोरडा पडतो आणि उकळत्या इंजिनावरही काटा खाली दाखवू शकतो. त्यामुळे वेगळ्या थर्मामीटरने एकदा खात्री करून घ्यावी. त्यानंतर इंजिन केव्हा तापते ते विचारावे. चालू केल्यावर थोड्याच वेळात तापत असेल आणि वरचा पाइप गारच असेल, तर थर्मोस्टॅट, पंप किंवा पाण्यातील हवा यांवर संशय घ्यावा. फक्त ओझ्याखाली तापत असेल तर रेडिएटर, फॅन बेल्ट आणि पंप यांच्याकडे वळावे. धूर काळा असेल तर जास्त डिझेल जाते आहे. डिझेल पंपाचे टायमिंग मागे सरकले असले तरी इंजिन तापते. वेग वाढवल्यावर खालचा होज पाइप आत चेपत असेल तर रेडिएटर आतून तुंबला आहे, किंवा पाइप सडला आहे.

माझ्या मते आपल्याकडचा खरा गुन्हेगार बहुतेक वेळा बाहेरच असतो. केजव्हीलने (चिखलणीच्या लोखंडी चाकाने) उडवलेला चिखल रेडिएटरच्या पात्यांमध्ये बसतो, वाळतो, त्यावर मळणीचा पेंढा आणि भुसा चिकटतो, आणि पुढच्या सीलमधून ऑइल गळत असेल तर सगळे मिळून डांबरासारखे घट्ट होते. ट्रॅक्टर समोरून स्वच्छ दिसतो, पण मागून दिवा धरला तर उजेड आरपार जात नाही. पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, कमी दाबाने मारावे. वॉशिंग सेंटरच्या जोराच्या फवाऱ्याने पाती मोडतात. इंजिन बंद केल्यावर रेडिएटरवर हात फिरवून काही पट्टे गार लागले तर त्या नळ्या आतून बंद आहेत, आणि तो रेडिएटर कारागिराकडून उघडून साफ करून घेण्याला पर्याय नाही.

गार पाणी ओतण्याचा सल्ला तर कोणीही पाळू नये. तापलेल्या बिडावर गार पाणी पडले की हेडला किंवा ब्लॉकला तडा जाऊ शकतो, आणि उघडलेल्या झाकणातून उसळणारी वाफ चेहरा भाजते. पाणी शिल्लक असेल तर ओझे काढून इंजिन काही मिनिटे मंद चालू द्यावे. पाणी निघून गेले असेल तर लगेच बंद करावे. वरचा पाइप हातात धरवेल इतका निवल्यावर जाड फडके टाकून झाकण सावकाश फिरवावे, आणि मग कोमट पाणी थोडे थोडे, इंजिन मंद चालू ठेवून घालावे.